स्वहस्ते

आमची मोठी नणंद आशाबाई भर मांडवात माझ्या रुखवतापुढं उभी राहून "हे विकतचं हाय" असं बोलली, त्याला बत्तीस वर्षं झाली. माझं डोकं तेव्हा जे तापलं ते अजून निवलेलं नाही. लोक म्हणतात, चतुराबाई, सोडून द्या आता. लोकांचं काय जातंय सोडायला.

ते रुखवत मी दसऱ्याला हाती घेतलं आणि अक्षय्य तृतीयेला पुरं केलं होतं. मण्यांची बैलगाडी केली होती, तिची दोन्ही चाकं खरोखर फिरायची. सुपारीचे नवरा-नवरी होते, नवऱ्याला तांबडा फेटा. क्रोशाचे रुमाल तर इतके बारीक, की आमच्या शाळेच्या बाईंनी एक मागून नेला. एकोणीस वर्षांची होते मी, आणि बोटांची टोकं सुईनं चाळणी झाली होती. आशाक्कानं काय केलं, तर गाडीचं चाक एका बोटानं फिरवलं, नाक मुरडलं आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे गुलमंडीवरच्या दुकानातलं हाय. शेतकऱ्याच्या पोरीचा हात असा नसतो." मी नवरी, मान खाली घालून उभी. माझी आई बोलायला पुढं झाली तर मामानं तिचा हात धरला, म्हणाला, वरपक्ष आहे, गप बस. झालं. तिथून पुढं देवगाव रंगारीला माझ्या सासरी माझी ओळख काय, तर विकतचं रुखवत आणणारी. बारशाला जा, हळदीकुंकवाला जा, कुणीतरी हसून विचारणारच, चतुरे, कितव्या दुकानातलं होतं गं?

मला दुसरं काही नको होतं. सोनं नको, साडी नको. आशाक्कानं एकदा, अगदी एकदाच, माझ्या कामापुढं उभं राहून म्हणावं की हे चतुराच्या हातचं आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस बत्तीस वर्षं थांबतं का? थांबतं. मी थांबले.

आता आम्ही हर्सूलला राहतो. आमचे हे, गोकुळराव, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर होऊन टीव्हीपुढं बसलेले असतात. मुलगा इंद्रजीत वाळूजला कंपनीत आहे. आणि मी रुखवतं करते. उस्मानपुऱ्यात मोनिका नावाच्या पोरीचं लग्नाच्या सामानाचं दुकान आहे, तिच्यासाठी बारा वर्षं करते आहे. आजकालच्या नवऱ्या मुली नोकरीला जाणाऱ्या, त्यांना मणी ओवायला कुठली सवड. त्या मोनिकाला ऑर्डर देतात, मोनिका मला देते, मी करते, आणि वर झगमगीत पाटी लागते: 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते तयार केलेले रुखवत.' पाटी मोनिका छापते. रुखवत कुणाचं हे ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. दुकानाचा रिवाजच आहे तो, पोरींच्या इज्जतीचा मामला असतो. देवगावात मी या कामाची वाच्यताच केलेली नाही, दुकानाचं नाव निघालं की पुन्हा तेच हसणं. शंभरेक नवऱ्या मुलींचे स्वहस्त माझ्या या दोन हातांत आहेत.

म्हणजे ज्या गोष्टीचा खोटा आळ माझ्यावर आला, तीच गोष्ट मी दुसऱ्या पोरींना खरीखुरी करून देते. मला हे कळत नाही असं नाही. पण हाताला काम नसलं की माझं डोकं जास्त चालतं, आणि ते घरातल्या कुणालाच परवडत नाही.

माझी एक खूण मात्र असते. प्रत्येक वस्तूत डाव्या कोपऱ्यात मी एक काळा मणी ओवते, मग बाकी रंग कोणते का असेनात. माझ्या आईची शिकवण. चांगल्या कामाला दृष्ट लागते, म्हणून त्यात एक काळा ठिपका आपणच ठेवायचा. गिऱ्हाइकं कधीतरी तक्रार करतात, एक मणी चुकलाय म्हणून. मोनिका त्यांना काहीतरी सांगून वाटेला लावते.

दिवाळीनंतर इंद्रजीतचं लग्न ठरलं. मुलगी तनुजा, शहरातलीच, बँकेत नोकरीला. नाकीडोळी नीटस, बोलायला मोकळी. मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं, हातकाम काही येतं का? ती जरा गडबडली आणि म्हणाली, "हो, थोडंफार." मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात मोनिकाचा फोन आला. "काकू, एक ऑर्डर आहे, जिवापाड करा. पोरगी बिचारी लई घाबरलीय. होणारी सासू खवट आहे म्हणे, टाका न् टाका बघणारी."

"काय बाई एकेक सासवा असतात," मी म्हटलं.

मला त्या पोरीची खरंच दया आली. सुरुवातीलाच असली सासू पदरी पडली तर पुढं काय व्हायचं तिचं. मी सप्तपदीची सात पावलं वेलबुट्टीसकट केली. ऑर्डरीत नव्हती तरी मण्यांची बैलगाडी केली, फिरत्या चाकांची, माझ्या लग्नातल्यासारखी. बारा वर्षांत ती कुणालाच करून दिली नव्हती. म्हटलं, खवट सासूचं तोंड बंद झालं पाहिजे. महिनाभर ती गाडी टीव्हीपुढं उभी होती. हे म्हणायचे, "तुझा पसारा उचल, बातम्या दिसंनात." इंद्रजीतनं तर तिच्या चाकाला एकदा हेडफोन अडकवून ठेवला होता.

माघात लग्न झालं. पंगत उठल्यावर विहीणबाई मला रुखवत दाखवायला घेऊन गेल्या. लांबलचक टेबल, त्यावर जरीचं कापड, लाइटच्या माळा, आणि मधोमध माझी बैलगाडी. मागं पाटी: 'चि. सौ. कां. तनुजा हिने स्वहस्ते तयार केलेले रुखवत.'

आधी वाटलं, डोळ्यांना अंधारी आली म्हणून तसं दिसतंय. मग डाव्या कोपऱ्यातला काळा मणी बघितला. पावलांवर होता, रुमालावर होता, गाडीच्या जुवाला होता. म्हणजे ती खवट सासू मीच होते, आणि माझं तोंड बंद करायचं काम मीच महिनाभर मान मोडून केलं होतं.

तनुजा बाजूलाच उभी होती, शालू नेसून, चेहरा पांढराफटक. माझ्या तोंडाकडं बघत होती. इतक्यात आमचे हे आले, गाडीकडं बघून म्हणाले, "वा, काय काम आहे. चतुरा, असलं काहीतरी तूपण शिक की." मागं इंद्रजीत अभिमानानं हसत होता. महिनाभर ज्या गाडीआडून दोघांनी बातम्या बघितल्या, ती एकालाही ओळखू आली नाही.

मी काही बोलायच्या आत आशाक्का आली. आता ती पासष्टीची झाली आहे, गुडघे दुखतात, पण रुखवत म्हटलं की चाल बदलते. तिनं सगळं टेबल हळूहळू बघितलं. गाडीपाशी थांबली. एका बोटानं चाक फिरवलं.

"हे हातचं हाय," ती म्हणाली. "अस्सल हातचं. टाका बघा, कसा एकसारखा हाय. माणसानं मन लावून केल्याबिगर असा येत नाय." मग माझ्याकडं वळली. "बघ चतुरा, सून कशी हाय तुझी. नाहीतर तू आली होतीस, गुलमंडीवरचं उचलून."

बायका हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. पण तनुजाचे डोळे भरले होते, आणि मला माझीच खाली घातलेली मान आठवली. मी गिळून टाकलं.

आशाक्का थांबते होय. तिनं जुवाजवळ बोट ठेवलं. "एवढा एक मणी चुकलाय बघ."

"चुकला नाय," मी एकदम बोलले. "मुद्दाम घातलाय. दृष्ट लागू नये म्हणून असतो तो. चुकायला काय झालं? एवढी गाडी ओवणारा हात एका मण्याला चुकंल का?"

"तुला कसं ठाव?"

"दिसतंय की," मी म्हटलं आणि पाणी प्यायला गेले.

सगळ्या देवगावात बोलबाला झाला, सुनेची बाजू घेऊन नणंदेशी भांडणारी सासू बघितली. मी कशासाठी भांडले ते माझं मला ठाऊक.

जाताना आशाक्कानं तनुजाची हनुवटी धरली. "आमच्या प्रेरणाचं लग्न वैशाखात हाय. तिला असंच रुखवत करून देशील ना?" प्रेरणा म्हणजे तिची धाकटी लेक. आता तनुजानं काय म्हणावं? नव्या सुनेला नाही म्हणता येतं का? ती म्हणाली, "हो आत्या, देते की."

तिसऱ्या दिवशी मोनिकाचा फोन. "काकू, मागची पार्टी आठवते का, खवट सासूवाली? तिला अजून एक पाहिजे, अगदी तसंच." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार. सून तिच्या खोलीतून फोन करत होती आणि ऑर्डर उस्मानपुऱ्याला वळसा घालून स्वयंपाकघरात माझ्यापर्यंत येत होती. मधे एक भिंत होती फक्त.

तनुजा बँकेत गेली की मी दिवाणावर पसारा मांडायचे आणि ती यायच्या आत पेटीत भरायचे. स्वतःच्या घरात चोरासारखी मणी ओवत होते मी. आणि राग कुणाचा म्हणाल तर सगळ्यांचाच. आशाक्काचा, तनुजाचा, ह्यांचा, आणि पाटी छापणाऱ्या त्या मशीनचासुद्धा. पण एका दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी आहे हेच माझ्या ध्यानातून गेलं. ती चहाचे दोन कप घेऊन आली तेव्हा माझ्या मांडीवर अर्धी बैलगाडी होती आणि सुईत काळा मणी.

तिनं मण्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. कप खाली ठेवले आणि दिवाणाच्या कडेला बसली.

"माझंही तुम्हीच केलं होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"म्हणून तुम्ही त्या दिवशी आत्यांना..." ती थांबली. मग तिचे कान लाल झाले. "आई, मी दुकानात काय सांगितलं होतं, ते तुम्हाला कळलंय का?"

"खवट सासू. कळलंय."

"इंद्रजीत म्हणाला होता की आईला हातकामाचं लई वेड आहे, ती बारीक बघते. मी घाबरले होते हो."

"बारीक बघते मी," मी म्हटलं. "चहा दे, गार होतोय."

मग मी तिला सगळं सांगितलं. मांडव, आशाक्काचं बोट, मामानं धरलेला आईचा हात. बत्तीस वर्षांत हे मी कुणाला एवढं सलग सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांना सांगायला गेले की ते म्हणतात, आक्काचा स्वभाव आहे. तनुजा ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मी आत्यांना खरं सांगते."

"नाय सांगायचं. तुझ्यावर शिक्का बसंल, आणि तो निघत नाय. मला विचार."

"बसू दे. मी तर खरंच विकत घेतलंय."

मी नको नको म्हणत राहिले. पण खोटं कशाला बोलू, माझा नकार काही फार जोराचा नव्हता. मनातून मला वाटत होतं, सांगावं हिनं. एकदा होऊन जाऊ दे.

आक्का देवगावातच दिलेली, त्यामुळं वैशाखात प्रेरणाचं लग्न तिथंच लागलं. रुखवतावर पाटी होती 'चि. सौ. कां. प्रेरणा हिने स्वहस्ते', आक्काच्या हिशेबी ते केलेलं तनुजानं, आणि बोटं फुटली होती माझी. चारचौघांत नवरीची फजिती नको म्हणून तनुजानं आशाक्काला कोठीच्या खोलीत गाठलं. तिथं लाडवांच्या पराती होत्या, आक्काच्या दोन-तीन जावा होत्या, आणि मी दाराशी उभी होते.

"आत्या," तनुजा म्हणाली, "हे रुखवत मी केलेलं नाही. आईंनी केलंय. माझ्या लग्नातलंही त्यांचंच होतं, मी दुकानातून विकत घेतलं होतं. आणि त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं त्यांनी स्वतःच्या हातानं केलेलं होतं."

एकदम स्पष्ट बोलली पोरगी, कुठं अडखळली नाही. आशाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तनुजाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"बघा गं," ती जावांना म्हणाली, "सासूची इज्जत राखायला पोरगी स्वतःच्या अंगावर घेती. असं वळण कुठं मिळतं आता? चतुरा, नशीब काढलंस."

"आक्का, ती खरं बोलती," मी म्हटलं.

"व्हय व्हय, खरं हाय," आक्का म्हणाली, पोराला समजावतात तशी, आणि एका जावेकडं बघून तिनं डोळा बारीक केला. "चल, लाडू वाढायचेत."

तनुजा पुन्हा बोलायला गेली. मी तिला बाहेर ओढलं. मांडवामागं पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून मी रडले, चांगली भडभडून रडले. तनुजा म्हणाली, "आई, मी त्यांना मोनिकाची पावती दाखवते." मी म्हटलं, राहू दे. पावतीवर तिचा विश्वास बसला तरी माझ्यावर थोडाच बसणार होता.

परतताना गाडीत तनुजा म्हणाली, "मला शिकवा." मला वाटलं, वाईट वाटून म्हणतेय, दोन दिवसांनी विसरेल. पण सोमवारी बँकेतून येताना ती मणी आणि ते ओवायला तंगूस घेऊन आली. म्हणाली, दाराला तोरण करायचं, मोराचं.

आता तुम्हाला सांगते, त्या पोरीच्या हातात काडीचं कसब नाही. टाका सैल, ओळ वाकडी, तंगुसाची गाठ मारली की सुटलीच. मी तीनदा उसवायला लावलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "आई, आता मी उसवणार नाही, बदला घेताय का माझ्यावर?" आम्ही दोघी हसलो. मला खवट सासू म्हणाली होती ना, मग घे. आषाढात चौथ्यांदा धरलेलं तोरण दिवाळीला संपलं. मोराची मान आखूड झाली, पिसारा एका बाजूला कलला. काळा मणी तिनं आठवणीनं घातला, पण कोपरा राहिला बाजूला, तो आला मोराच्या पोटावर. वसुबारसेला तिनं स्टूल घेतलं आणि स्वतःच दाराला लावलं. दिवसातून चार वेळा बाहेर जाऊन बघून यायची.

भाऊबीजेला आशाक्का ह्यांना ओवाळायला आली. रिक्षातून उतरून पायरीपाशी चपला काढल्या, आणि तोरण दिसताच थांबली. ती थांबणारच. चष्मा वर केला, बोट लावून बघितलं.

"हे काय लावलंय दाराला? मोर हाय का कोंबडी?"

तनुजा माझ्या मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी वळून बघितलं तर तिचा चेहरा माघात होता तसा झाला होता, पांढराफटक. चार महिने खपली होती पोरगी.

"हे काय तनुजाचं नाय," आक्का म्हणाली. "तिचा हात मी बघितलाय. डोळे मिटून ओळखीन." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, अगदी खात्रीनं म्हणाली, "चतुरा, हे तुझ्या हातचं हाय."

बत्तीस वर्षं मी याच वाक्यासाठी थांबले होते. शब्दसुद्धा तेच होते.

मागून तनुजा म्हणाली, "आत्या, नाही हो, ते मी..."

मी मागं हात करून तिचं मनगट दाबलं.

"व्हय आक्का," मी म्हटलं. "स्वहस्ते केलंय."